गाळाची भिंत

गल्लीतली पोरं तिला चिखलताई म्हणत, आणि पोरांचं ऐकून मोठेही तेच म्हणू लागले. लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचं चाक होतं, विजेची भट्टी होती, आणि संध्याकाळी कप-वाट्या शिकायला येणाऱ्या काही बायका होत्या. वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे सासरे राहत. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात गेला तो तिकडेच रमला. त्याने तिथे दुसरा संसार मांडल्याचं कानावर आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही म्हाताऱ्याला सोडून माहेरी जाईल. ती गेली नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "भट्टी हलवायला चार माणसं लागतात. कुठून आणू?"

सासऱ्यांना ती मामंजी म्हणे. पूल व्हायच्या आधी ते याच नदीवर नाव चालवायचे. पूल झाला, नाव भंगारात गेली, आणि मामंजी एका गोदामाचे राखणदार झाले. आता गुडघे साथ देत नव्हते, डोळे अधू झाले होते, जीभ तेवढी शाबूत होती. सून आणि सासरा एकमेकांशी फार बोलत नसत, पण ती खाली काम करत असली की ते जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचे आणि चाकाचा आवाज ऐकायचे. मुलाचा विषय दोघंही काढत नसत.

लाँड्रीच्या मागे उतार होता आणि उताराखाली नदी. म्हणायची सवय म्हणून नदी. काळसर पाण्यावर फेस तरंगायचा, काठाला फाटक्या गाद्या आणि पिशव्या अडकलेल्या असायच्या, आणि ऊन तापलं की असा वास सुटायचा की बोलणाऱ्याचं तोंड आपोआप मिटावं.

अशा त्या नदीवर कला करायची म्हणून एक दिवस एक मुलगी आली. शहराच्या कला विभागाने तिला नेमलं होतं. केस विस्कटलेले, बूट चिखलाने भरलेले, बोलणं भरभर. गल्लीने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव प्रकल्पवाली ठेवलं. तिची कल्पना साधी होती. नदी जिथे सुरू होते तिथपासून ती शहराबाहेर पडते तिथपर्यंत जागोजागचा गाळ आणायचा. काठावरच्या लोकांनी त्या गाळाच्या टाइल करायच्या, भाजायच्या, आणि पुलाखालच्या संरक्षक भिंतीवर नदीच्याच क्रमाने लावायच्या. भिंतीवर नदी दिसेल, आणि लोक भिंतीकडे बघता बघता नदीकडे बघतील.

"आणि बघून काय करतील?" मामंजींनी पायरीवरून विचारलं.

"आजोबा, ज्या मातीत हात घातलेत तिच्यात माणूस कचरा टाकत नाही," ती म्हणाली.

मामंजी हसले. "माणसाला ओळखत नाहीस तू अजून."

पण चिखलताईच्या मनात ते वाक्य रुतलं. इतकी वर्षं ती विकतची माती आणत होती, पोत्यांतून, लांबच्या खाणीतली. पाठीमागे नदी असून तिने तिच्या मातीला कधी हात लावला नव्हता. ती लगेच हो म्हणाली.

पहिली बैठक लाँड्रीत झाली, इस्त्रीच्या टेबलाभोवती. लाँड्रीवाला होता, औषधांच्या दुकानातल्या बाई होत्या, शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या, आणि गिअरकाका होते. गिअरकाका म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. बोलताना त्यांचा डावा हात अजून गिअर टाकल्यासारखा मागेपुढे व्हायचा. प्रकल्पवालीने मोबाइल टेबलापाशी बसवलेल्या मामंजींसमोर धरला.

"आजोबा, तुमच्या काळी नदी कशी होती?"

"ओली."

सगळे हसले. तिने चिकाटी सोडली नाही. "पाणी स्वच्छ असेल ना?"

"कशाचं स्वच्छ! वरच्या अंगाला चामड्याचा कारखाना होता. लाल पाणी यायचं. फरक एवढाच की तेव्हा घाण वाहून जायची, आता मुक्कामाला येते." मग तिचं पडलेलं तोंड त्यांना दिसलं असावं. "एका ठिकाणी तळ दिसायचा," ते म्हणाले. "पलीकडच्या काठाजवळ, खडकांत. बायका मला तिथे नाव थांबवायला लावायच्या. नुसतं बघायला."

तेवढंच तिने लिहून घेतलं.

लाँड्रीवाल्याने खोली वापरायला दिली, चहा पाजला, आणि बैठक संपल्यावर नेहमीसारखं साबणाचं पाणी मागच्या नळीने नदीत सोडलं. चिखलताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"साबण आहे हो ताई," तो म्हणाला. "उलट धुऊनच निघते ती."

त्यानंतरचे दिवस मात्र चांगले गेले, अगदी नाकारता येणार नाहीत इतके. गिअरकाकांनी भाच्याची जुनी गाडी मागून घेतली आणि दर रविवारी सगळे नदीच्या वेगवेगळ्या टप्प्यावर जायला लागले. उगमाजवळची माती तांबूस, मऊ, हातात घेतली की लोण्यासारखी. औषधवाल्या बाईंनी ती चक्क गालाला लावून पाहिली. पुढे ती करडी होत गेली, मग राखाडी, मग कारखान्यांच्या खाली काळी. काळ्या गाळात हात घातला की कातडी चरचरायची. हातमोजे फाटायचे, त्यावर चेष्टा व्हायची. गिअरकाका म्हणायचे, "सावकाश, पुढे वळण आहे," आणि उतारावरून स्वतःच घसरायचे. गल्लीत वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसं बादल्या हातोहात देत होती. परतताना गाडीभर दुर्गंधी असायची आणि सगळे हसत असायचे.

चिखलताईला ती माणसं घरी गेल्यावर खोली रिकामी वाटायला लागली. हे तिला नवीन होतं.

टाइल करायला सगळी गल्ली लोटली. कुणी पान उमटवलं, कुणी चावी, कुणी बाळाचं पाऊल. मामंजींनाही तिने खाली आणलं आणि काळ्या गाळाचा एक चौकोन त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ त्यावर नुसते हात फिरवत बसले. मग म्हणाले, "सुतळी आहे का?" तिने दोरीचा तुकडा दिला. त्यांनी दोरीला गाठ मारली, नाव काठाला बांधायची गाठ, आणि ती टाइलवर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबली. दोरी उचलली तेव्हा गाठ मातीत स्वच्छ उठली होती. मामंजींनी बोटांनी ती चाचपली आणि ते जिना चढून गेले. त्या दिवशी ते जेवताना गुणगुणत होते. तिने त्यांना गुणगुणताना आजवर ऐकलं नव्हतं.

पहिली भट्टी लावली आणि दुपारपर्यंत खोलीत थांबणं अशक्य झालं. आत मातीबरोबर नको ते सगळं जळत होतं. डोळ्यांना धार लागली, शेजारच्या भाडेकरूंनी आरडाओरडा केला, लाँड्रीवाल्याचे इस्त्रीचे कपडे परत धुवावे लागले. आतून टाइल फुटल्याचे आवाज येत होते. भट्टी निवल्यावर तिने दार उघडलं. उगमाच्या तांबूस टाइल तेवढ्या शाबूत होत्या. मधल्यांना तडे गेले होते. काळ्या गाळाच्या साऱ्या टाइलचा चुरा झाला होता, बोट लावलं की भुसा. मामंजींची गाठही त्यातच.

तिने माती चाळून पाहिली, धुऊन पाहिली, आच कमी करून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी ती प्रकल्पवालीला म्हणाली, "या गाळात आता मातीच उरलेली नाही. भाजायचं काय?"

प्रकल्पवाली खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. तिचीही झोप उडालेली दिसत होती. "विकतची माती घेऊ," ती हळूच म्हणाली. "वरून गाळाचा एक हात फिरवू. रंग तोच दिसेल."

"मग ती नदीची भिंत कशी?"

"ताई, तारीख ठरली आहे. लोकांनी इतकं केलंय. त्यांना काय सांगू, नदी भाजली जात नाही म्हणून?"

 चिखलताईने लांबच्या खाणीतली पोती मागवली. उगमाकडच्या तेवढ्या खऱ्या, बाकी सगळ्या टाइल विकतच्या मातीच्या झाल्या, वरून पातळ गाळ लावलेल्या. ज्यांच्या फुटल्या होत्या त्यांनी पुन्हा केल्या, काहींनी नाही केल्या. मामंजींना तिने सांगितलंच नाही. दोरी घेतली, आठवून तशी गाठ मारली, आणि त्यांची टाइल तिने स्वतः केली.

भाजून झाल्यावर ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटं फिरवली. एकदा, मग परत.

"ही गाठ मी मारलेली नाही," ते म्हणाले.

तिने हातावरची माती पदराला पुसली.

"उलटी पडलीय. या गाठीने बांधलेली नाव सकाळपर्यंत समुद्राला लागेल." त्यांनी टाइल तिच्या हातात परत दिली. "असू दे. लावून टाक. लांबून कुणाला कळतंय."

भिंतीवर टाइल लावायचं काम तिने स्वतः केलं. टाइल चोरीला जातात, पोरं उचकटतात, म्हणून तिने सगळ्यात पक्कं चिकटवणारं मिश्रण आणायला लावलं. गवंडी म्हणाला, एवढं कशाला, तर तिने त्याच्या हातातली थापी घेऊन जास्तीचा थर दिला. "पूर आला तरी हलता कामा नये," ती म्हणाली.

आणि भिंत सुंदर झाली, हेही खरं. पुलाच्या सावलीत तांबड्यापासून काळ्यापर्यंत ती वाहत गेल्यासारखी दिसायची. लोक थांबायचे, आपली टाइल शोधायचे. औषधवाल्या बाई रोज कामावर जाताना आपल्या पानाला हात लावून जायच्या. भिंतीखाली कचऱ्याच्या पिशव्या मात्र पडतच राहिल्या. कुणी तरी म्हणालंही, आता निदान कचरा टाकायला जागा छान झाली.

उद्घाटनाला मांडव घातला होता, खुर्च्या होत्या. गिअरकाका इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मामंजींना गाडीतून आणलं होतं. शहराच्या बांधकाम विभागाचे साहेब आले, त्यांनी भिंतीचं कौतुक केलं, भिंतीसमोर सगळ्यांबरोबर फोटो काढले. मग ते माइकवर परत आले आणि म्हणाले, आज आणखी एक आनंदाची बातमी आहे. दोन माणसांनी एका मोठ्या फलकावरचं कापड ओढलं.

फलकावर रस्त्याचं चित्र होतं. रुंद, गुळगुळीत, दुतर्फा लावलेल्या गाड्या, मध्ये कुंड्यांतली झाडं. चित्रात पूल ओळखू येत होता. पुलाखाली रस्ता होता.

"ही नदी आता झाकली जाणार," साहेब म्हणाले. "दुर्गंधीतून तुमची कायमची सुटका. आणि या कामाचा पाया कोण? तुम्ही. लोक आमच्याबरोबर आहेत का, असं आम्हाला वरून विचारलं गेलं, तेव्हा आम्ही ही भिंत दाखवली. इतक्या लोकांनी स्वतःच्या हातांनी सहभाग घेतला. यापेक्षा मोठी संमती कोणती?"

टाळ्या वाजल्या. मागच्या खुर्च्यांतून तर चांगल्या जोरात वाजल्या. चिखलताईने प्रकल्पवालीकडे पाहिलं. ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला माहीत नव्हतं, हे त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. गिअरकाकांचा डावा हात गुडघ्यावर मागे जात होता, पुन्हा पुन्हा मागे.

"काय म्हणाला तो?" मामंजींनी विचारलं.

"नदी झाकणार म्हणतात."

"कशाने?"

"रस्त्याने."

मामंजींनी मान डोलावली. "माझ्या पोटावर पूल आला तेव्हाही टाळ्याच वाजल्या होत्या," ते म्हणाले. "चल घरी. ऊन लागतंय."

दुसऱ्या दिवशी ती आणि गिअरकाका साहेबांच्या कार्यालयात गेले. साहेबांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"बाई, तुम्हाला नदी साफ करून हवी आहे," तो म्हणाला. "वरचे कारखाने मी बंद करू शकत नाही. सांडपाणी कुठे वळवू, तेही माझ्या हातात नाही. झाकणं तेवढं माझ्या हातात आहे. मग मी काय करू, सांगा."

"आमची संमती नव्हती," ती म्हणाली.

"विरोध असता तर लोकांनी इतकं प्रेमाने काम केलं असतं का?"

गिअरकाका उठून उभे राहिले.  मग ते परत बसले.

सह्या गोळा करायच्या ठरल्या. चिखलताई दारोदार फिरली. ज्या माणसांनी तिच्याबरोबर बादल्या उचलल्या होत्या ती दारात अवघडून उभी राहायची. घराची किंमत वाढेल. पोरांचा खोकला थांबेल. गाडी लावायला जागा होईल. यातलं काहीही खोटं नव्हतं. लाँड्रीवाल्याने तिला आत बोलावलं, खुर्ची पुढे केली.

"ताई, तोंडावर सांगतो, मागून बोलण्यापेक्षा. मला बरं वाटलं ते ऐकून. जन्म गेला माझा त्या वासात. गिऱ्हाईक म्हणतं, कपड्यांना वास येतो. मी काय सांगू त्यांना?"

"मग रविवारी का येत होतास?"

तो क्षणभर इस्त्रीच्या वायरशी चाळा करत राहिला. "मजा यायची," तो म्हणाला. "सगळे असायचे."

तिला त्याचा राग यायला हवा होता. पण ती स्वतःसुद्धा त्याचसाठी जात होती की काय, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि मग तिच्याने पुढच्या दारापर्यंत जाववेना.

प्रकल्पवाली एकदा येऊन गेली. तिने नोकरी सोडली होती, की तिला काढलं होतं, तिने नीट सांगितलं नाही. चाकाजवळच्या स्टुलावर बसून ती रडली. "मीच तुम्हाला यात ओढलं," असं पुन्हा पुन्हा म्हणाली. चिखलताईने चहा केला.  चहा झाला आणि मुलगी उठून गेली. नंतर तिचा फोन लागला नाही.

नदीवर यंत्रं उतरली तेव्हा कळलं की संरक्षक भिंत पाडणार आहेत. ती रस्त्याचा स्लॅब पेलणाऱ्या नव्या भिंतीच्या आड येत होती. चिखलताई मुकादमाला जाऊन भेटली. "तोडायच्या आधी टाइल काढून नेऊ द्या," ती म्हणाली. मुकादम म्हणाला, जेवायच्या सुट्टीत न्या, माझी काही हरकत नाही. त्याने आपली छिन्नी-हातोडीसुद्धा दिली.

ती, गिअरकाका आणि औषधवाल्या बाई, तिघंच गेले. तिने पहिली टाइल निवडली, उगमाची, अस्सल नदीच्या मातीची. कडेला छिन्नी लावून हलकेच ठोकलं. टाइल मधोमध फुटली. दुसरीला खालून हात घातला. तीही फुटली. गिअरकाकांनी ओल्या फडक्याने कडा भिजवून पाहिल्या, बाईंनी सुरीचं पातं घालून पाहिलं. मिश्रण दगड झालं होतं. माती तुटत होती, पण चिकटलेलं सुटत नव्हतं. बाईंनी आपलं पान वाचवायचा इतका प्रयत्न केला की त्यांच्या बोटातून रक्त आलं, आणि शेवटी त्यांच्या तळहातावर देठाचा तुकडा राहिला. तो त्यांनी पर्समध्ये टाकला आणि त्या निघून गेल्या.

गाठीच्या टाइलपाशी चिखलताई आली तेव्हा तिने छिन्नी खाली ठेवली. तिला ती फोडायची नव्हती. मग यंत्राचा चालक जेवून आला, त्याने हॉर्न वाजवला, आणि ते दोघं बाजूला झाले.

ती घरी पोचली तेव्हा मामंजी पलंगावर पडून होते. हल्ली ते खाली येत नसत.

"निघाल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"फार घट्ट बसल्या होत्या."

"बसवल्या कुणी?"

"मीच."

मामंजी छताकडे बघत राहिले. "मग निघणार कशा," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. सासऱ्याने सुनेचा हात धरावा अशी त्या घरात रीत नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसली.  त्यांचा हात कोरडा आणि हलका लागत होता.

नदीवर स्लॅब पडायच्या आधीच ते गेले. झोपेतच गेले. मुलाला तिने कळवलं. त्याने फोनवर, "बरं," म्हटलं आणि तिकडून कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

नदी झाकली गेली. वास खरंच गेला. लाँड्रीवाल्याने नवी पाटी लावली, गिऱ्हाईक वाढलं, आणि त्याने मागची खोली आपल्याला लागेल असं चिखलताईला अगदी नरमाईने सांगितलं. भट्टी तिने तिथेच सोडली. लाँड्रीवाला तिच्यावर कपड्यांची गाठोडी ठेवतो. चिखलताई आता एका फरशीच्या दुकानात नमुने दाखवायचं काम करते. तिला सोपं जातं, कोणती टाइल कशी वाजते ते तिला बोट मारून कळतं, पण ती तसं बोट मारत नाही.

गिअरकाका काही दिवस रविवारी सकाळी तिच्याकडे येत राहिले. गॅलरीत बसायचे, चहा प्यायचे. नदीबद्दल बोलायचे नाहीत. रस्त्यावरच्या गाड्या कशा वेड्यावाकड्या लावल्यात, यावर बोलायचे. मग त्यांच्या मुलीने त्यांना आपल्या गावी नेलं. एक रविवार ते आले नाहीत, पुढच्या रविवारीही नाहीत, आणि चिखलताईने दोन कप काढायचं सोडून दिलं.